मतशक्ती सोपवल्यावर पुढे कोण बघतं? टोकन-गव्हर्नन्समधल्या डेलिगेशनबद्दल

शर्वरी_न

गव्हर्नन्स टोकन, म्हणजे एखाद्या क्रिप्टो प्रकल्पाच्या कारभारात मताचा हक्क देणारं डिजिटल नाणं, हातात आलं की त्या प्रकल्पाच्या मतदानाच्या पानावर पहिली सूचना दिसते ती ‘डेलिगेट निवडा’ अशी, म्हणजे आपल्या वतीने मत देणारा प्रतिनिधी. बहुतेक जण यादीतल्या ओळखीच्या नावावर टिचकी मारतात, वॉलेटमधून सही करतात आणि विषय तिथेच संपतो. डेलिगेट कसा निवडावा यावर भरपूर लिहिलं गेलंय. निवडल्यानंतर काय, यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगते. २०२० साली कंपाउंड या क्रिप्टो-कर्जाच्या प्रकल्पाने कॉम्प हे टोकन आणलं तेव्हा त्याच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या कोडमध्येच, डेलिगेशन बसवलेलं होतं. युनिस्वॅप, ईएनएस, आर्बिट्रम या प्रकल्पांनी थोड्याफार फरकाने तोच साचा उचलला. यात टोकन तुमच्याच वॉलेटमध्ये राहतं, फक्त त्याचं मताचं वजन दुसऱ्या पत्त्याच्या नावे मोजलं जातं. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की कुणालाच डेलिगेट केलं नाही तर त्या टोकनचं वजन शून्य धरतात. स्वतः मत द्यायचं असलं तरी आधी स्वतःलाच डेलिगेट करावं लागतं.

ही सोय गरजेतून रुजली. ऑक्टोबर २०२० मध्ये युनिस्वॅपचा पहिलावहिला प्रस्ताव मतदानाला आला. बाजूने सुमारे ३.९६ कोटी मतं पडली, विरोधात सात लाखही नाहीत. तरी प्रस्ताव पडला, कारण कोरम, म्हणजे प्रस्तावाला लागणारी किमान मतं, ४ कोटींचा होता. एकूण टोकन १०० कोटी, पण मत द्यायला येणारे मोजके. जे येणार नाहीत त्यांचं वजन येणाऱ्यांच्या हाती दिल्याशिवाय असा कारभार हलतच नाही.

माझा आक्षेप डेलिगेशनवर नाही, त्याच्या बेमुदतपणावर आहे. मुखत्यारपत्र करून देताना आपण कोणत्या कामासाठी आणि कधीपर्यंत ते लिहितो. इथे दोन्ही रकाने कोरे. डेलिगेट मत देईनासा झाला, त्याने नोकरी बदलली, त्याचं वॉलेट भलत्याच्या हाती गेलं, तरी तुमचं वजन त्याच्याच नावे राहतं, जोवर तुम्ही स्वतः जाऊन बदलत नाही तोवर. मला वाटतं प्रत्येक डेलिगेशनला वर्षाची मुदत असावी. नूतनीकरण एका सहीवर आणि शक्य तिथे बिनगॅस, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या व्यवहाराचं शुल्क न भरता, व्हावं. ज्याने वर्षभरात एकदाही वळून पाहिलं नाही त्याचं वजन गळून पडावं.

इथे कुणी प्रत्यक्ष डेलिगेट म्हणून काम करत असेल तर त्यांचं मत जरूर हवंय.

नवखा_वाचक

धाग्याबद्दल आभार. अगदी प्राथमिक शंका आहे. डेलिगेटला माझी टोकन विकता येतात का? आणि मी अर्धी विकली तर?

बिटाक्षर

@नवखा_वाचक, नाही. डेलिगेटच्या हाती फक्त मत असतं. तुम्ही अर्धी टोकन विकलीत की त्याच क्षणी त्याचं वजन तेवढं घटतं, आणखी घेतलीत की आपोआप वाढतं. मात्र टोकन नव्या वॉलेटमध्ये हलवलीत तर डेलिगेशन सोबत जात नाही, त्या वॉलेटमधून ते नव्याने करावं लागतं. एक्स्चेंजवर ठेवलेल्या टोकनचं मत तर तुमच्या हाती नसतंच.

यातलं सगळ्यात कमी समजलं जाणारं कलम साखळीचं आहे. तुम्ही ‘अ’ला डेलिगेट केलंत आणि ‘अ’ने स्वतःचं वजन ‘ब’ला दिलं, तर तुमचं वजन ‘ब’कडे जात नाही. ‘अ’ फक्त स्वतःच्या मालकीच्या टोकनचं वजन पुढे देऊ शकतो. जर्मनीतल्या पायरेट पार्टीने लिक्विडफीडबॅक वापरलं त्यात अशी साखळी चालायची, आणि मतं घरंगळत मोजक्या लोकांकडे साचायची. टोकनवाल्यांनी हे दार बंद ठेवलं, ते मला योग्यच वाटतं. तुमचं मत नेमकं कुणाकडे आहे याचं उत्तर एका पायरीत मिळालंच पाहिजे.

दुसरं म्हणजे वजन कधीचं मोजतात. प्रत्येक प्रस्तावाला एक ठरलेला ब्लॉक, म्हणजे ब्लॉकचेनच्या नोंदवहीतलं एक पान, असतो आणि त्या ब्लॉकला ज्याच्या नावे जितकं वजन होतं तितकंच धरतात. मतदान सुरू झाल्यावर केलेलं डेलिगेशन त्या प्रस्तावापुरतं निरुपयोगी.

आणि कृपया सही करताना वॉलेटच्या खिडकीत काय लिहिलंय ते शांतपणे वाचा. ‘डेलिगेट’ हा व्यवहार टोकन हलवत नाही. त्याच्या जागी ‘अप्रूव्ह’ किंवा ‘परमिट’ दिसलं तर समोरचा तुमची टोकन खर्च करण्याची परवानगी मागतोय. डेलिगेशनच्या नावाखाली बनावट पानं बनवणाऱ्यांचा सगळा भरवसा तुमच्या घाईवर असतो.

नवखा_वाचक

खूप स्पष्ट झालं, धन्यवाद. परमिटचं तर अजिबातच माहीत नव्हतं.

तटबंदी

शर्वरीताई, तळमळ पटली पण उपाय धोक्याचा वाटतो.

मुदत संपून वजन गळायला लागलं की आधी कोण गळेल? छोटे धारक. ज्याच्याकडे मोठा साठा आहे आणि ज्याचा काही हेतू आहे, तो नूतनीकरण विसरणार नाही. म्हणजे एकूण जिवंत वजन घटेल आणि उरलेल्यात मोठ्यांचा वाटा वाढेल. कंपाउंडचा प्रस्ताव क्रमांक २८९ आठवा. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या धारकाच्या गटाने खजिन्यातले ४,९९,००० कॉम्प, म्हणजे तेव्हाचे सुमारे २.४ कोटी डॉलर, स्वतःच्या देखरेखीखालच्या योजनेत वळवण्याचा प्रस्ताव आणला. आधीचे तसेच प्रयत्न फसले होते. हा ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ अशा फरकाने मंजूर झाला. पुढे काही दिवसांतच समझोता झाला आणि प्रस्ताव रद्द झाला म्हणून निभावलं. पन्नास हजारांहून कमी मतांचा फरक! विरोधात उभी राहिलेली मतं कुणाची होती? मोठ्या प्रमाणात डेलिगेटांची. वर्षाची मुदत असती तर त्यातली किती शिल्लक राहिली असती, याचा विचार करा.

मेकरडाओने मुदतीचा प्रयोग प्रत्यक्षात केलेला आहे. २०२१ साली त्यांनी आणलेली डेलिगेट कॉन्ट्रॅक्टं एका वर्षाने कालबाह्य व्हायची. मेकरची रचना वेगळी, तिथे टोकन डेलिगेटच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवावं लागायचं, अर्थात काढून घ्यायला केव्हाही मोकळीक. वर्ष भरलं की डेलिगेटने नवं कॉन्ट्रॅक्ट काढायचं आणि प्रत्येक धारकाने जुन्यातून टोकन काढून नव्यात घालायचं. एवढी उठाठेव दर वर्षी कोण करणार?

शर्वरी_न

@तटबंदी, मेकरचा दाखला नेमका आहे, तिथली कटकट मान्य. पण ती टोकन हलवावं लागण्याची कटकट आहे. कंपाउंडच्या साच्यात डेलिगेशन सहीने करता येतं, ती सही ब्लॉकचेनवर चढवण्याचा गॅस दुसरं कुणीही भरू शकतं. डाओने, म्हणजे टोकनधारकांच्या मतांवर चालणाऱ्या संस्थेने, स्वतः तो भरावा. खजिना राखण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

२८९ बद्दल मात्र मी उलटं वाचन करते. २८ जुलै २०२४ हा रविवार होता आणि मतदान शनिवार-रविवारीच संपत आलं. नावावर वजन असणं आणि ते वेळेवर पेटीत पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निजलेल्या डेलिगेटकडे साचलेलं वजन संरक्षण करत नाही, संरक्षण असल्याचा भास तेवढा देतं. आकडा मोठा दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि हल्ला करणारा मात्र गेल्या दहा प्रस्तावांत खरोखर किती मतं पडली ते मोजून येतो.

साखळीवेडा

दोघंही मुदत धारकाला लावताय. ती डेलिगेटला लावून पाहा.

कार्डानो या ब्लॉकचेनने हेच केलंय. जानेवारी २०२५ च्या प्लोमिन हार्ड फोर्कनंतर (नियम बदलणाऱ्या मोठ्या सुधारणेनंतर) तिथे डीरेप म्हणजे प्रतिनिधींचा पूर्ण कारभार सुरू झाला. डीरेपने ठरावीक काळ काहीच हालचाल केली नाही तर तो निष्क्रिय ठरतो. ही मर्यादा २० इपॉकची आहे, एक इपॉक पाच दिवसांचा, म्हणजे १०० दिवस. निष्क्रिय डीरेपकडचं वजन मंजुरीची टक्केवारी काढताना हिशेबातच धरत नाहीत. तो पुन्हा मत द्यायला लागला की परत मोजलं जातं. धारकाला काहीच करावं लागत नाही, आणि निजलेलं वजन दोन्हीकडून बाद. तिथे ‘कायम तटस्थ’ आणि ‘अविश्वास’ असे दोन तयार पर्यायही आहेत, कुणा माणसाला मत द्यायचं नसेल तर ते निवडता येतात.

कॉसमॉसमध्ये प्रकार आणखी वेगळा. तुम्ही ज्या व्हॅलिडेटरकडे, म्हणजे व्यवहार पडताळणारा सर्व्हर चालवणाऱ्याकडे, टोकन स्टेक केलंय (गुंतवून ठेवलंय) त्याचंच मत तुमचं धरतात, पण तुम्ही स्वतः मत दिलंत तर तुमच्या वाट्यापुरतं तुमचं चालतं. प्रस्ताव चालू असताना, केव्हाही. यातली खोच अशी की लोक व्हॅलिडेटर निवडतात कमिशन आणि सर्व्हर सतत चालू राहतो का ते बघून, आणि त्याच्या हाती राजकीय मतही जातं.

पोल्काडॉटच्या ओपनगव्ह या मतदान-पद्धतीत विषयवार डेलिगेशन आहे. खजिन्याच्या खर्चाचा ट्रॅक एकाला, तांत्रिक बदलांचा दुसऱ्याला. माझ्या मते हीच सगळ्यात शहाणी कल्पना. व्याजदराचं गणित कळणारा माणूस अनुदानाच्या अर्जांवरही तितकाच चांगला निर्णय देईल, हे आपण कशावरून गृहीत धरतो?

बिटाक्षर

विषयवार डेलिगेशनला पूर्ण अनुमोदन. आवे या प्रकल्पातही याचं छोटं रूप आहे. मत देण्याचा हक्क आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क दोन वेगळ्या पत्त्यांना सोपवता येतात.

रोखठोक_बोलतो

एवढ्या बारकाव्यात शिरण्याआधी पाया बघा. एक टोकन एक मत, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचं राज्य. चेनॅलिसिस या विश्लेषण कंपनीने २०२२ मध्ये काही मोठ्या डाओ तपासल्या तेव्हा एक टक्क्याहून कमी धारकांकडे ९० टक्के मतशक्ती निघाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायनान्सच्या नावे अचानक १.३२ कोटी युनिचं (युनिस्वॅपच्या टोकनचं) वजन दिसायला लागलं आणि एक एक्स्चेंज युनिस्वॅपमधल्या सर्वांत मोठ्या मतदारांत जाऊन बसलं. त्यांचं म्हणणं असं की वॉलेटमधल्या अंतर्गत हालचालीमुळे ते आपोआप झालं. असेलही. पण ग्राहकांच्या ठेवीचं वजन चुकून जागं होऊ शकतं, हीच तर भीती आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एसिक्सटीनझी या गुंतवणूकदार संस्थेने १.५ कोटी युनि एका फटक्यात युनिस्वॅपच्या बीएनबी चेन या दुसऱ्या ब्लॉकचेनवरच्या विस्ताराविरुद्ध टाकले, कारण त्यात वापरायचा, दोन ब्लॉकचेन जोडणारा पूल (ब्रिज) त्यांच्या पसंतीचा नव्हता. डेलिगेशनची मुदत वर्षाची असो की दिवसाची, या वजनापुढे छोट्या माणसाचं काय चालणार?

तटबंदी

तो बीएनबीचा प्रस्ताव त्यांच्या १.५ कोटी मतांनंतरही मंजूर झाला, हेही लिहा ना. तो झाला कारण विखुरलेलं वजन काही डेलिगेटांपाशी गोळा झालेलं होतं. डेलिगेशन नसतं तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं.

आर्बिट्रमचंही तसंच. मार्च २०२३ च्या एअरड्रॉपनंतर (टोकनच्या मोफत वाटपानंतर) काही दिवसांतच फाउंडेशनने पहिला मोठा प्रस्ताव आणला, त्यात स्वतःसाठी ७५ कोटी आर्ब टोकन होते. मतदान चालू असतानाच कळलं की त्यातले ५ कोटी आधीच हलवलेत, म्हणजे मंजुरी निव्वळ शिक्कामोर्तबासाठी. डेलिगेटांनी चर्चेत धारेवर धरलं, प्रस्ताव प्रचंड फरकाने फेटाळला गेला आणि फाउंडेशनला तुकडे करून नव्याने मांडावा लागला. एकेकट्या छोट्या धारकांनी हे घडवलं असतं असं मला वाटत नाही.

रोखठोक_बोलतो

आर्बिट्रमचं मान्य. केंद्रीकरणाबद्दलचं मत कायम.

अनुजा_मु

मी एका मध्यम आकाराच्या डाओमध्ये डेलिगेट आहे. नाव देत नाही, कारण इथे ज्यांच्याबद्दल लिहितेय ते सगळे माझ्यासारखेच स्वेच्छेने काम करणारे आहेत.

बाहेरून दिसत नाही तो भाग सांगते. मत देणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. प्रस्तावाचा मजकूर वाचायचा, मग तो अमलात आल्यावर चालणारा कोड त्या मजकुराशी जुळतो का ते बघायचं. हे दुसरं काम फार थोडे करतात, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं. मे २०२३ मध्ये टोर्नेडो कॅश या प्रकल्पात झालं ते आठवत असेल. प्रस्ताव आधी मंजूर झालेल्या एका प्रस्तावासारखाच आहे असं सांगितलं गेलं, आत मात्र कॉन्ट्रॅक्ट नष्ट करून त्याच पत्त्यावर दुसरं उभं करण्याची पळवाट होती. मंजुरीनंतर हल्लेखोराने स्वतःच्या नावे १२ लाख मतं लिहून घेतली. खरी मतं सात लाखांच्या आसपास होती. सारा कारभार त्याच्या हाती गेला. तिथे मत देणारे आळशी नव्हते. वर्णनावर विश्वास ठेवणं किती सोपं असतं ते मी रोज अनुभवते.

माझ्याकडे वजन सोपवणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणीच मला कधी काही विचारत नाही. मी प्रत्येक मतामागचं कारण लिहिते, पण ते दुसरे डेलिगेटच वाचतात. मला टीका चालेल, शांतता नको. कुणीतरी विचारणार आहे या जाणिवेने माणूस जास्त नीट वाचतो, हे मी स्वतःवरून सांगते. म्हणून शर्वरी_न यांच्या मुदतीला माझा पाठिंबा आहे. वजन घटेल या भीतीपेक्षा, दर वर्षी मला माझ्या धारकांसमोर हिशेब मांडावा लागेल ही शिस्त मोलाची आहे.

पैशाबद्दलही लिहिते. मेकरने डेलिगेटांना मोबदला दिला, आर्बिट्रमनेही मानधनाची योजना आणली. मी याच्या बाजूने आहे. फुकट काम करणारे दमून निघून गेले की उरतात ते ज्यांना कुठूनतरी दुसरीकडून पैसे मिळतात. पण मानधन मतदानाच्या टक्केवारीला बांधलं की न कळणाऱ्या विषयावरही मत पडायला लागतं. ‘मला यातलं कळत नाही म्हणून तटस्थ’ असं लिहिणाऱ्याचे पैसे कापले जाऊ नयेत.

शर्वरी_न

अनुजाताई, याच अनुभवाची वाट बघत होते. मजकूर आणि कोड जुळतो का, हा प्रश्न मी आता प्रत्येक डेलिगेटच्या पानावर शोधणार आहे. हितसंबंधांचं काय करता? तुम्ही ज्या डाओत मत देता तिच्याकडून अनुदान घेणाऱ्या संस्थेत तुमचा मित्र असेल तर?

अनुजा_मु

आधी जाहीर करते, मग तटस्थ राहते. अडचण अशी की अनेक साच्यांत तटस्थ मत कोरमला मोजलं जातं, म्हणजे मी दूर राहूनही प्रस्तावाला मदत करते. कधीकधी मत न देणं हाच प्रामाणिक मार्ग उरतो, आणि मग हजेरीच्या तक्त्यात मी गैरहजर दिसते.

साखळीवेडा

हा मुद्दा कुणी डॅशबोर्ड बनवणाऱ्याने वाचायला हवा. ‘हितसंबंधामुळे अनुपस्थित’ असा वेगळा रकाना पाहिजे.

मीरा_का

वाचनमात्र होते, एक विचारते. ईएनएसने नोव्हेंबर २०२१ मध्ये टोकन वाटताना ती घेण्याच्या प्रक्रियेतच डेलिगेट निवडायला लावला होता. त्याने सहभाग वाढला हे उघड आहे. पण टोकन पदरात पाडून घेण्याच्या घाईत केलेली निवड आणि विचारपूर्वक केलेली निवड यांत फरक नाही का?

शर्वरी_न

आहे, आणि फार मोठा आहे. त्या क्षणी माणसाचं लक्ष टोकनवर असतं. यादीत वर असलेल्या, प्रसिद्ध असलेल्या नावाला झुकतं माप मिळणारच. तरीही निवडायला लावणं मला बरोबर वाटतं, नाहीतर ती टोकन मताविना पडून राहिली असती. फक्त त्या पहिल्या निवडीची मुदत लहान हवी. सहा महिन्यांनी, टोकन मिळाल्याचा उत्साह ओसरल्यावर, पुन्हा विचारा.

साखळीवेडा यांच्या मांडणीनंतर माझा प्रस्ताव थोडा बदलते. डेलिगेट निष्क्रिय झाला तर वजन लगेच हिशेबाबाहेर, कार्डानोसारखं. सक्रिय असेल तर धारकाची मुदत दोन वर्षं. @तटबंदी, हे चालेल?

तटबंदी

निष्क्रियतेचा भाग चालेल, फक्त एका अटीवर. कोरम ठरावीक आकड्याचा असेल तर तोही त्या प्रमाणात खाली यायला हवा, नाहीतर चांगले प्रस्तावही अडकतील. आणि कोरम खाली आला की हल्ला स्वस्त होतो, म्हणून टाइमलॉक मोठा हवा. हे तिन्ही एकत्र बदलणार असाल तर पाठिंबा. धारकाच्या मुदतीला अजून विरोधच आहे, दोन वर्षांची असली तरी.

नवखा_वाचक

टाइमलॉकचा हल्ल्याशी संबंध कसा?

बिटाक्षर

मंजुरी आणि अंमल यांच्यातलं सक्तीचं अंतर म्हणजे टाइमलॉक. वाईट प्रस्ताव मंजूर झालाच तर लोकांना आपले पैसे काढून घ्यायला किंवा प्रतिकार उभा करायला तेवढा अवधी मिळतो. कंपाउंडच्या मूळ रचनेत तो दोन दिवसांचा होता. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक या प्रकल्पात दोन तृतीयांश मतं असतील तर प्रस्ताव तातडीने अमलात आणायची सोय होती आणि वजन आधीच्या ब्लॉकचं न धरता त्या क्षणाचं धरलं जायचं. हल्लेखोराने फ्लॅश लोन (त्याच व्यवहारात फेडायचं बिनतारण कर्ज) काढून मताचं वजन घेतलं, मत दिलं, प्रस्ताव अमलात आणला, कर्ज फेडलं, सगळं एकाच व्यवहारात. नुकसान सुमारे १८.२ कोटी डॉलर. ठरलेल्या ब्लॉकचं वजन आणि टाइमलॉक, दोन्हींपैकी एक जरी असतं तरी हे असं जमलं नसतं.

मीरा_का

शेवटची शंका. माझा डेलिगेट चांगला आहे, पण एखाद्याच प्रस्तावावर मला त्याच्या विरुद्ध मत द्यायचंय. कॉसमॉससारखं मधेच करता येईल का?

बिटाक्षर

लिडो या प्रकल्पाच्या मतदानात येतं, तिथे धारकाचं मत डेलिगेटच्या मतावर मात करतं. कंपाउंडच्या साच्यात येत नाही, तिथे आधीच हालचाल करावी लागते. प्रस्ताव मांडल्यापासून मतदान सुरू होईपर्यंत मधे काही काळ जातो, युनिस्वॅपमध्ये तो सुमारे दोन दिवसांचा आहे. प्रस्ताव ‘पेंडिंग’ दिसतोय तोवर स्वतःला डेलिगेट करा, मतदान उघडलं की मत द्या.

मीरा_का

आणि मत दिल्यावर वजन आपोआप त्याच्याकडे परत जातं?

बिटाक्षर

नाही, पुन्हा व्यवहार करून सोपवावं लागतं. पण त्यासाठी निकालापर्यंत थांबायची गरज नाही. मतदान उघडलं की त्या प्रस्तावासाठीचं वजन ठरून गेलेलं असतं, त्यामुळे मत देऊन लगेच पुन्हा डेलिगेट केलंत तरी दिलेलं मत तसंच राहतं. एकच बघा, त्याच दरम्यान दुसरा एखादा प्रस्ताव ‘पेंडिंग’ असेल आणि तो डेलिगेटवर सोडायचा असेल, तर त्याचं मतदान उघडायच्या आधी वजन परत सोपवलेलं हवं. दोन्हींच्या वेळा एकमेकांवर येत असतील तर एकच निवडावा लागेल.